नियोगींची चोवीस तासांची संघटना

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता देशभर लागू झाल्या आणि एकोणतीस जुने कायदे त्यांत सामावले गेले. त्यानंतर वृत्तवाहिन्यांवर जी चर्चा रंगली ती मी जमेल तेवढी ऐकली. उद्योजकांचे प्रतिनिधी होते, केंद्रीय कामगार संघटनांचे पुढारी होते, अर्थतज्ज्ञ तर होतेच. मात्र ज्याची हजेरी कारखान्याच्या पटावर लागत नाही, ठेकेदाराच्या वहीत लागते, असा कामगार मला तिथे कुठे दिसला नाही. आज नोंदणीकृत कारखान्यांत दर दहा कामगारांमागे सुमारे चार जण असे आहेत. त्यांचा विषय निघाला की माझ्या मनात एक नाव हटकून येते : शंकर गुहा नियोगी. त्यांना जाऊन आता तीन तपे होत आली.

नियोगींना मी एकदाच आणि तेही दुरून पाहिले. सप्टेंबर १९९१ मध्ये ते भिलाईच्या कामगारांना घेऊन दिल्लीत आले होते. हजारो सह्यांचे निवेदन राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांना द्यायचे होते. साधा कुडता, चेहऱ्यावर प्रवासाचा शीण, भोवती लाल-हिरवे झेंडे घेतलेली माणसे. जवळ जाऊन बोलावे असे वाटले होते. पण रुपयाचे अवमूल्यन, जुलैमधला अर्थसंकल्प आणि नवे औद्योगिक धोरण यांत दिल्लीतील आम्हा लिहिणाऱ्या मंडळींचे लक्ष पुरते गुंतले होते. पुढच्या वेळी भेटू, असे मी मनाशी म्हटले. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच त्यांच्या हत्येची बातमी आली.

त्यांचे मूळ नाव धीरेश. जन्म १९४३ चा, शिक्षण उत्तर बंगालमधील जलपाईगुडीला. साठच्या दशकाच्या आरंभी ते नोकरीच्या शोधात भिलाईला आले. सोविएत साहाय्याने उभा राहिलेला तिथला पोलाद कारखाना तेव्हा नव्या भारताचे प्रतीक मानला जात असे. धीरेश त्याच्या कोक भट्टीच्या विभागात कामाला लागले, फावल्या वेळात पुढचे शिक्षण घेऊ लागले आणि पाहता पाहता कामगारांचे पुढारीही झाले. १९६७ च्या सुमारास नोकरी गेली. नक्षलबारीच्या उठावानंतरचे ते दिवस होते. नियोगीही त्या प्रवाहात ओढले गेले, पण जनसंघटना मोडीत काढून केवळ गुप्त कारवायांवर भिस्त ठेवण्याची पक्षाची दिशा त्यांना पटेना. पक्षाशी त्यांचे संबंध तुटले. पोलीस मात्र मागावर राहिलेच.

पुढची काही वर्षे ते छत्तीसगडच्या खेड्यांतून आणि जंगलांतून नाव बदलून राहिले. शंकर हे नाव त्या काळातले. बकऱ्या विकल्या, मासेमारी केली, जंगलात मजुरी केली. दानीटोला येथील क्वार्ट्झाइटच्या खाणीत ते दगड फोडायला लागले आणि तिथेच आशा या खाणकामगार तरुणीशी त्यांनी विवाह केला. या वर्षांविषयी त्यांच्या चाहत्यांनी पुष्कळ रम्य लिहिले आहे. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. बंगालमधून आलेला हा सुशिक्षित मनुष्य छत्तीसगडी बोलायला शिकला तो भाषणे करण्यासाठी नव्हे, तर पोट भरण्यासाठी. आपल्याकडील बहुतेक कामगार पुढारी वकिली किंवा अध्यापन करीत चळवळीत आले. नियोगी घण आणि घमेले घेऊन आले. आणीबाणीत मिसाखाली तुरुंगात गेले आणि १९७७ मध्ये सुटले, तेव्हा त्यांची बोली आणि राहणी आजूबाजूच्या मजुरांहून वेगळी उरलेली नव्हती.

दल्ली-राजहरा ही भिलाईला लोहखनिज पुरवणारी खाणनगरी. तिथे त्या वेळी दोन प्रकारचे कामगार होते. पोलाद कारखान्याचे कायम कामगार यंत्रांवर काम करीत, क्वार्टरमध्ये राहत. ठेकेदारांचे मजूर, त्यांत बहुसंख्य आदिवासी आणि जवळजवळ निम्म्या स्त्रिया, हाताने खनिज फोडत, निवडत आणि ट्रक भरत. घरे म्हणजे झोपड्या. खनिज तेच, भट्टीही तीच. पण १९७७ च्या बोनसच्या करारात कायम कामगाराच्या वाट्याला ३०८ रुपये आणि ठेकेदाराच्या मजुराच्या वाट्याला ७० रुपये आले, आणि त्या करारावर मान्यताप्राप्त संघटनांनी सह्याही करून टाकल्या. मजूर चिडले. त्यांनी दोन्ही जुन्या संघटना सोडल्या आणि लाल मैदानावर ठाण मांडले. पुढारी कोणीच नव्हता. दानीटोल्याला एक बंगाली राहतो, तो नुकताच तुरुंगातून सुटला आहे आणि विकला जात नाही, एवढेच त्यांना ठाऊक होते. त्यांनी नियोगींना बोलावून आणले.

अशा रीतीने छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ जन्माला आला. संघटनेने बोनसबरोबरच दोन मागण्या पुढे केल्या. खाणीत काम उपलब्ध नसेल त्या दिवसाचीही काही मजुरी मिळावी, ही पहिली. पावसाळ्यापूर्वी झोपडी शाकारण्यासाठी, बांबू-बल्ल्या विकत घेण्यासाठी, प्रत्येकी शंभर रुपये मिळावेत, ही दुसरी. ही दुसरी मागणी मी जेव्हा प्रथम वाचली तेव्हा बराच वेळ तिच्याशी थबकलो होतो. छप्पर गळते की नाही याच्याशी मालकाचा संबंध काय, असा प्रश्न कोणताही व्यवस्थापक विचारील, आणि त्या काळच्या कामगार संघटनांनीही तो विचारला असता. नियोगींच्या मते संबंध होता. जो मजूर रात्रभर गळक्या छपराखाली बसून काढतो त्याचीच मेहनत सकाळी भट्टीत जाते.

२ जून १९७७ च्या रात्री पोलीस जीपमधून आले आणि नियोगींना उचलून घेऊन गेले. संतापलेल्या मजुरांनी मागे राहिलेल्या पोलिसांना घेरून ठेवले. आमचा माणूस परत करा, मग तुमचे न्या, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी झालेल्या गोळीबारात अकरा जण मरण पावले. त्यांत अनुसुया नावाची एक स्त्री होती आणि सुदामा नावाचा एक मुलगा. आणीबाणी उठून तीन महिनेही झाले नव्हते. देश लोकशाहीच्या पुनरागमनाचा उत्सव साजरा करीत होता, आणि दल्ली-राजहराचे नाव त्या उत्सवात कोणाच्या कानी पडले नाही. तरीही मजूर कामावर परतले नाहीत. अखेर मागण्या मोठ्या प्रमाणावर मान्य झाल्या आणि पुढील काही वर्षांत ठेकेदारी मजुरांची दैनिक मजुरी कित्येक पटींनी वाढली.

इथपर्यंतची कथा इतर अनेक लढ्यांसारखीच आहे. तिचे वेगळेपण यापुढे सुरू होते. मजुरी वाढली तशी दारूची दुकाने गजबजू लागली. वाढीव पैसा घरी न पोहोचता गुत्त्यात जातो आहे, हे बायकांनीच प्रथम सांगितले. संघटनेने दारूबंदीची मोहीम हाती घेतली. पिणाऱ्याला वस्तीच्या सभेत उभे केले जाई, दंड होई. या पद्धतीविषयी मला आजही थोडी अस्वस्थता वाटते. कामगार संघटनेने सभासदाच्या खासगी आयुष्यात किती शिरावे, हा प्रश्न उरतोच. पण त्या वस्त्यांतील स्त्रियांना तो प्रश्न पडला नव्हता, हेही तितकेच खरे. हजारो मजुरांनी दारू सोडली. दारूच्या ठेकेदारांचे उत्पन्न बुडाले आणि १९८१ मध्ये नियोगी राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली तुरुंगात गेले. मजुरी वाढवणाऱ्या नियोगींपेक्षा दारू बंद करणारे नियोगी तिथल्या सत्ताधाऱ्यांना अधिक धोकादायक वाटले असावेत, असा माझा कयास आहे.

कुसुमबाई ही संघटनेची उपाध्यक्ष. बाळंतपणात वेळेवर उपचार न मिळाल्याने ती दगावली. ज्यांच्या खनिजावर एवढा मोठा कारखाना चालतो त्यांच्या स्त्रियांना प्रसूतीसाठी हक्काची खाट नाही, हे त्या दिवशी रस्त्यावर जमलेल्या हजारो मजुरांनी पाहिले. अशा प्रसंगी संघटना सहसा मोर्चा काढतात आणि चौकशी समितीची मागणी करतात. दल्ली-राजहराच्या मजुरांनी स्वतःचे रुग्णालय बांधायचे ठरवले. आधी छोटा दवाखाना झाला, मग पाळीचे काम संपल्यावर मजुरांनी विटा वाहिल्या, भिंती उभारल्या. बाहेरची देणगी घ्यायची नाही असे ठरले होते. ३ जून १९८३ रोजी, गोळीबाराच्या स्मृतिदिनी, पंधरा खाटांचे शहीद हॉस्पिटल सुरू झाले. उद्घाटनाला मंत्री नव्हते. एका वृद्ध खाणमजुराने आणि एका वृद्ध शेतकऱ्याने ते केले. विनायक सेन, आशिष कुंडू, शैबाल जाना, पुण्यव्रत गुण यांच्यासारखे तरुण डॉक्टर तिथे येऊन राहिले. अतिसारावर मीठ-साखर-पाणी कसे द्यावे, प्रत्येक तापाला सुई आणि सलाइन का लागत नाही, हे तिथे मजुरांमधूनच तयार झालेले आरोग्य कार्यकर्ते समजावून सांगत.

संघटनेचे असे एकूण सतरा विभाग होते. शिक्षण, आरोग्य, बचत, वस्ती सुधारणा, क्रीडा, ग्रंथालय, सांस्कृतिक पथक, शेतकरी, पर्यावरण अशी ती यादी होती. वेतनवाटाघाटी पाहणारा विभाग त्यांतला केवळ एक. संघटना कामगाराच्या आठ तासांची नसून चोवीस तासांची असली पाहिजे, हा नियोगींचा आग्रह या रचनेतून आला. संघर्ष आणि निर्माण हे शब्द ते जोडीने वापरत. लाल-हिरवा झेंडा हेही त्याचेच चिन्ह : लाल कामगारांचा, हिरवा शेतकऱ्यांचा. कारण खाणीतला मजूर अजून अर्धा शेतकरीच होता. त्याचा भाऊ गावी नांगर धरत होता आणि पाऊस चांगला झाला तर तोही भातलावणीला जात होता.

त्या मजुराला स्वतःचा इतिहासही हवा होता. सोनाखानचे आदिवासी जमीनदार वीर नारायण सिंह यांनी दुष्काळात सावकाराचे कोठार फोडून धान्य वाटले आणि डिसेंबर १८५७ मध्ये रायपूरला ब्रिटिशांनी त्यांना फाशी दिले. छत्तीसगडच्या बाहेर हे नाव जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हते. संघटनेने १९७९ पासून त्यांचा स्मृतिदिन पाळायला सुरुवात केली. आज रायपूरमधील क्रिकेटच्या भव्य मैदानाला वीर नारायण सिंहांचे नाव आहे आणि सर्व पक्षांचे नेते त्यांच्या पुतळ्याला हार घालतात. ही आठवण जागवण्यात खाणमजुरांच्या एका संघटनेचा केवढा वाटा होता, हे हार घालताना कोणी सांगत नाही.

यांत्रिकीकरणाच्या प्रश्नावर नियोगींची जी भूमिका होती ती मला त्यांच्या साऱ्या कार्यात सर्वांत विचारप्रवर्तक वाटते. बस्तरमधील बैलाडिला येथे यंत्रे आल्यावर हजारो ठेकेदारी मजूर घरी बसले आणि एप्रिल १९७८ मध्ये तिथेही गोळीबार झाला. दल्लीतही तेच घडणार हे दिसत होते. अशा वेळी संघटनेपुढे दोन सोपे मार्ग असतात. यंत्रे येऊच द्यायची नाहीत, असे म्हणावे. किंवा नुकसानभरपाई घेऊन गप्प बसावे. नियोगींनी मजुरांना आणि जाणकारांना बरोबर घेऊन हिशेब मांडला. कोणते काम यंत्राने केले तर खनिजाचा दर्जा सुधारतो आणि माणसाचे कष्ट वाचतात, कोणते काम हाताने केले तर खर्च वाढत नाही आणि रोजगार टिकतो, अशी फोड करून त्यांनी अर्धयांत्रिकीकरणाचा पर्यायी आराखडा व्यवस्थापनासमोर ठेवला. तो स्वीकारला गेला आणि नियोगी हयात असेपर्यंत त्या खाणीत संपूर्ण यांत्रिकीकरण होऊ शकले नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे किती नोकऱ्या जातील याचे अंदाज वर्तवणाऱ्या परिषदांना मी अधूनमधून जातो. तिथे असा आराखडा मजुरांच्या बाजूने मांडलेला मला अद्याप आढळलेला नाही.

त्याच सुमारास मुंबईत अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले होते. देशाच्या वृत्तपत्रांचे लक्ष तिकडे असणे स्वाभाविकच. पण कापडाची एक लढाई नियोगींच्या वाट्यालाही आली होती. राजनांदगाव हे गोंदियाला लागून असलेल्या जिल्ह्याचे ठिकाण. तिथली बंगाल-नागपूर कापड गिरणी जुनी. १९२० मध्ये ठाकूर प्यारेलाल सिंह यांनी तिथे जो दीर्घ संप घडवला तो देशातील आरंभीच्या मोठ्या संपांपैकी एक मानला जातो. १९८४ मध्ये तिथले कामगार पुन्हा उठले, या वेळी लाल-हिरव्या झेंड्याखाली. विणकाम खात्यातला असह्य उकाडा हेही त्यांच्या तक्रारींपैकी एक कारण होते. सप्टेंबरमध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी चार जण मेले. दुसऱ्याच वर्षी छत्तीसगड मुक्ती मोर्चाचे जनकलाल ठाकूर विधानसभेवर निवडून आले.

१९९० मध्ये नियोगी परत भिलाईला आले. जिथून त्यांना काढून टाकले होते त्याच शहरात. सरकारी पोलाद कारखान्याभोवती आता खासगी उद्योगांची दाट वस्ती झाली होती : अभियांत्रिकी, रसायने, सिमेंट, मद्यनिर्मिती. तिथे वर्षानुवर्षे तेच काम करणारे लोक कागदोपत्री ठेकेदाराचे तात्पुरते मजूर होते. खाणीतला ठेकेदारी मजूर निदान एका ठिकाणी, एका मालाभोवती गोळा झालेला असतो. इथे ते शेकडो फाटकांमागे विखुरलेले होते. नियोगींनी उद्योगवार वेगवेगळ्या संघटना उभारून त्या सगळ्यांना एका मागणीपत्रात बांधले. कायम स्वरूपाच्या कामाला कायम नोकरी आणि पोट भरेल एवढे वेतन हा त्याचा गाभा. १९७० च्या कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) कायद्यात यासाठी पुरेशी जागा होती. तेव्हा क्रांतिकारक म्हणावे असे त्यात काहीच नव्हते.

तरी प्रतिकार असा झाला की दल्लीतला अनुभव त्यापुढे फिका पडावा. संघटनेत गेलेल्या हजारो कामगारांना कामावरून काढले गेले. कार्यकर्त्यांवर फाटकाबाहेर हल्ले झाले. फेब्रुवारी १९९१ मध्ये जुनी प्रकरणे उकरून नियोगींना अटक झाली, जामिनावर सुटल्यावर जिल्ह्यातून तडीपारीची नोटीस आली. आपल्या जिवावर कोण उठले आहे याविषयीचा संशय त्यांनी डायरीत लिहून ठेवला होता आणि ध्वनिफितीवरही नोंदवला होता. दिल्लीचा दौरा करून ते भिलाईला परतले. २८ सप्टेंबरच्या पहाटे ते झोपेत असताना कोणीतरी उघड्या खिडकीतून गोळी झाडली. वय अठ्ठेचाळीस.

दल्ली-राजहरात त्यांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा प्रचंड जनसमुदाय लोटला, पण एक दगडही भिरकावला गेला नाही. पुढच्या वर्षी, १ जुलै १९९२ रोजी, त्याच मागण्यांसाठी भिलाईच्या रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात सोळा कामगार ठार झाले. खुनाच्या खटल्यात सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये मारेकऱ्याला फाशी आणि इतर काहींना, ज्यांत उद्योजकही होते, जन्मठेप सुनावली. उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सर्वांनाच निर्दोष ठरवले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त मारेकऱ्याला दोषी धरून जन्मठेप दिली; बाकीच्यांविरुद्धचा पुरावा पुरेसा नव्हता. म्हणजे पिस्तुलाचा चाप ओढणारा हात कायद्याला सापडला. त्या हाताचे नियोगींशी काही वैर नव्हते.

नियोगींच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. सतरा विभाग होते तरी निर्णयाचा भार एकाच माणसावर होता, आणि तो गेल्यावर मुक्ती मोर्चात फाटाफूट झाली. खाणीत यंत्रे आली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टील अथॉरिटीच्या खटल्यात असे ठरवले की एखाद्या कामातील कंत्राटी पद्धत बंद झाली तरी ते कंत्राटी कामगार आपोआप मूळ मालकाचे कामगार होत नाहीत. भिलाईचा कारखाना ज्या कंपनीचा, तीच ही कंपनी. ज्या धाग्यावर भिलाईचे मागणीपत्र टांगलेले होते तो धागाच त्या निकालाने तुटला.

या घडामोडींनंतर बऱ्याच वर्षांनी मी दल्ली-राजहराला गेलो. दुर्गहून निघालेली पॅसेंजर गाडी आता तिथे थांबून राहत नाही. रावघाटच्या नव्या खाणींसाठी लोहमार्ग पुढे अंतागडकडे वाढवला आहे, कारण दल्लीचे खनिज संपत आले आहे. डब्यात शेजारी एक तरुण बसला होता. तो एका ठेकेदाराच्या ट्रकवर कामाला होता. कोणत्या कंपनीचे काम करतोस, असे मी विचारले. त्याने ठेकेदाराचे नाव सांगितले. मी पुन्हा विचारले, तेव्हा त्याने पुन्हा तेच नाव सांगितले. नियोगी हे नाव त्याने ऐकले होते, पण ते नेमके कोण हे त्याला सांगता येईना. स्थानक जवळ आले तशी त्याने पिशवी उचलली आणि मलाही शहीद हॉस्पिटललाच जायचे आहे का, असे विचारले. त्याची आई तिथे दाखल होती आणि रिक्षाचे भाडे निम्मे निम्मे देता आले असते.